बर्गे मॅडमचा आतला आवाज

साताऱ्यात ज्यांना गाडी चालवता येते त्यांतल्या निम्म्यांना ती रोहिणी बर्गे यांनी शिकवली आणि उरलेल्या निम्म्यांना ती नीट येत नाही, असं गावात म्हणतात. म्हणणारे बहुतेक बर्गे मॅडमचेच विद्यार्थी, तेव्हा त्यात थोडी भर असणारच. पण एका गोष्टीवर दोन्ही निम्म्यांचं एकमत होतं. बाईंनी उभ्या आयुष्यात कुणा शिकाऊ माणसावर आवाज चढवला नाही. कुणी गाडी दुभाजकावर चढवली, कुणी शहाळ्यांच्या हातगाडीत घातली, एका सद्गृहस्थांनी तर आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढता काढता ती थेट साहेबांच्या टेबलापर्यंत नेली. मॅडम आपल्या बाजूचा ब्रेक दाबायच्या आणि म्हणायच्या, "गाडी बंद पडली म्हणजे गाडी बंद पडली. आभाळ नाही पडलं. किल्ली फिरवा."

यामागे संतपण नव्हतं, धंद्याचं शास्त्र होतं. शिकाऊ माणूस घाबरला की त्याचे दोन्ही पाय एकदम खाली जातात, आणि त्यातला एक हमखास ॲक्सिलरेटरवर असतो. ज्याच्या शेजारी बसून आपल्याला जिवंत घरी जायचं आहे त्याला शिव्या देऊ नयेत, एवढं साधं गणित.

आता नव्या गाड्या आपल्या आपण चालतात. तरी बर्गे मोटर ट्रेनिंग स्कूल बंद पडलं नाही, कारण रस्ते आपल्या आपण सुधारत नाहीत. आपली आपण चालणारी गाडी पांढऱ्या पट्ट्याच्या आधाराने जाते. मेढ्याच्या पलीकडे डोंगरात शिरलं की पट्टा संपतो, मग गाडी थांबते आणि आतल्या माणसाला नम्रपणे विचारते, "पुढे काय?" रस्त्यात म्हैस बसली असेल तर गाडी म्हशीचं आटोपायची वाट पाहते. म्हशीला कसलीच घाई नसते. तेव्हा डोंगरात नोकरी करणाऱ्यांना अजून क्लच-गिअरची गाडी लागते आणि ती चालवायला डोंगरी परवाना लागतो.

असा परवाना मॅडमच्या सुनेला हवा होता. ईश्वरी जनावरांची डॉक्टर. डोंगरातला दवाखाना तिने मागून घेतला होता. सरकारने दवाखान्याबरोबर जीप दिली होती, सरकारइतकीच जुनी, आणि ड्रायव्हर दिला नव्हता. उमेदवारीचा काळ संपायच्या आत परवाना मिळाला नाही, तर तिची बदली पुण्याच्या कचेरीत होणार होती. तिथे गाई-म्हशी पडद्यावर तपासतात. नवरा सौरभ पुण्यातच होता, आपली आपण चालणारी गाडी बनवणाऱ्या कंपनीत. म्हणजे आईचा धंदा बुडवणं हाच त्याचा धंदा. "बदली झाली तर बरंच की," असं तो एकदा म्हणाला होता. पुन्हा म्हणाला नाही. ईश्वरीला खऱ्या म्हशी हव्या होत्या, आणि शिकवायला घरातच सासू होती. सगळं कसं जमून आलं होतं.

मधे मॅडमच्या गळ्यात गाठ निघाली.

थायरॉइडची गाठ. स्वभावाने साधी, पण आवाजाच्या नसेला अशी बिलगून बसलेली की डॉक्टरांनी आधीच सांगितलं, गाठीबरोबर आवाजही जाईल. तसंच झालं. घशातून नुसती हवा यायला लागली. काही दिवस मॅडमनी पाटीवर लिहून शिकवायचा प्रयत्न केला. पण चालत्या गाडीत 'ब्रेक' हा शब्द लिहून दाखवेपर्यंत ब्रेकची गरज संपलेली असते.

मग पट्टा आला.

माणूस बोलतो तेव्हा मेंदू आधी हुकूम काढतो. तो नसांमधून जीभ, जबडा आणि घशाच्या स्नायूंपर्यंत पोचतो आणि मग आवाज निघतो. गंमत अशी, की आपण तोंड मिटून मनातल्या मनात बोलतो तेव्हाही हा हुकूम निघतोच. फक्त तो इतका क्षीण असतो की स्नायू हलल्यासारखं करतात आणि गप्प बसतात. सरकारी हुकुमांचं पुष्कळदा असंच होतं. गळ्याभोवती बांधायचा हा पट्टा स्नायूंमधली ती बारीक विजेची थरथर टिपतो, कानामागे बसवलेला मणी तिचे शब्द जुळवतो आणि पट्ट्यातला चिमुकला स्पीकर ते बोलून दाखवतो.

आता जगाला ऐकवायचं कोणतं आणि मनात ठेवायचं कोणतं, हे पट्ट्याला कळावं कसं? तर जोरावरून. हजारो माणसांवर मोजून पाहिलं तेव्हा आढळलं, की दुसऱ्याशी बोलताना हुकूम ठसठशीत निघतो आणि स्वतःशी बोलताना पुसट. शास्त्रज्ञांनी दोहोंच्या मध्ये एक रेघ मारली. रेघेच्या वरचं बोलायचं, तेव्हा पट्ट्यावर हिरवा दिवा. रेघेच्या खालचं गिळायचं, तेव्हा पिवळा.

आवाज मॅडमचाच होता. सौरभने आईने पाठवलेले वर्षानुवर्षांचे व्हॉइस मेसेज कंपनीला दिले होते, त्यातून तो बनवला. त्यामुळे पहिले दोन दिवस मॅडम काहीही बोलल्या तरी 'येताना कोथिंबीर आण' म्हणाल्यासारखं वाटायचं. मग कान सरावले. नवरा उदयराव, जे स्कूलचं ऑफिस सांभाळत आणि एरवी फारसं काही सांभाळत नसत, त्यांनी पहिलं वाक्य ऐकलं आणि खिडकीबाहेर बघत बसले. पहिलं वाक्य होतं, "अहो, चष्मा पुसा जरा."

तिसऱ्या दिवशी दूध उतू गेलं.

"मी बघते, तू तुझं आवर," असं ईश्वरीला सांगून मॅडम स्वतः गॅसपाशी उभ्या होत्या. नजर खिडकीतून कुठेतरी गेली आणि दूध पातेल्याबाहेर आलं. त्याच क्षणी पट्ट्याचा हिरवा दिवा लागला आणि स्वयंपाकघरात खणखणीत आवाज घुमला.

"डोळे काय गहाण टाकलेत? एवढंसं दूध सांभाळता येत नाही? शेण खायच्या लायकीची आहेस!"

डबा भरणाऱ्या ईश्वरीच्या हातातली पोळी हातातच राहिली. मॅडमनी दोन्ही हातांनी गळा धरला.

"तुला नाही गं! मला म्हणाले मी."

"असू दे आई," ईश्वरी शांतपणे म्हणाली. "माझंही लक्ष नव्हतं."

"अगं खरंच, मी माझ्या मनात—" आणि लगेच, त्याच वाक्याची शेपटी धरून, "झालं समाधान? तोंड उघडलं की घाणच बाहेर."

ईश्वरीने डब्याचं झाकण लावलं आणि ती निघून गेली.

आता यात तिची काय चूक? 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण जिथे घराघरांत चालते, तिथे सासूने सुनेसमोर उभं राहून कुणालाही काहीही म्हटलं तर ते कुणाला, हे विचारावं लागत नाही. मांजराला म्हटलं तरी सुनेला. भांड्याला म्हटलं तरी सुनेला. सासूने सुनेच्या देखत खरोखर स्वतःलाच झापलं, असा दाखला या मुलखाच्या इतिहासात नाही. मॅडमनी जितका खुलासा केला तितका तो बनाव वाटत गेला.

गाडीतही तेच. निवृत्त मुख्याध्यापक शिर्के पेन्शनीत गाडी शिकत होते. मॅडम त्यांना म्हणाल्या, "डावीकडे घ्या." मग लक्षात आलं, डावीकडे एकेरी रस्ता आहे. "नको, सरळ घ्या," असं म्हणून झाल्यावर पट्ट्यानेच जोडलं, "डोक्यात काय दगड भरलेत? शिकवायला बसली म्हणे!" शिर्केसरांनी गाडी थांबवली, आरशातून मागची रिकामी सीट पाहिली, आणि कुणाला उद्देशून हे झालं याचा बराच विचार करून म्हणाले, "चाळीस वर्षं मी मुलांशी असंच बोललो. समोरच्या बाजूला बसून कसं वाटतं ते आज कळलं. उद्यापासून येत नाही."

गावात बातमी पसरायला पट्टा लागत नाही. लोकांनी मागचा सगळा हिशोब नव्याने मांडला. म्हणजे बाई इतकी वर्षं तोंडाने "किल्ली फिरवा" म्हणत होती, तेव्हा मनात हे चाललेलं होतं तर! ज्यांनी पंधरा वर्षांपूर्वी परवाना घेतला होता त्यांनाही आता अपमान झाल्यासारखं वाटायला लागलं. निम्मे विद्यार्थी चौकापलीकडच्या गुजरांच्या सुपरफास्ट ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गेले. भाऊसाहेब गुजर उघड ओरडतात. "त्यांचं कसं, जे आहे ते तोंडावर," असं लोक कौतुकाने सांगू लागले.

ईश्वरीने तरी आठवडाभर तग धरला. मग यवतेश्वरच्या घाटात, चढावर, मॅडमनी तिला दुसऱ्याऐवजी तिसरा गिअर टाकायला सांगितला. चूक मॅडमची. गाडी गचकून बंद पडली. "गाडी बंद पडली म्हणजे," असं मॅडमनी म्हणायला घेतलं आणि मध्येच हिरवा दिवा दुसऱ्याच वाक्याने पेटला. "तुला कुणी लायसन दिलं? तुझ्यापेक्षा म्हैस बरी."

ईश्वरीने हँडब्रेक ओढला. नीट ओढला, हे मॅडमना तशातही जाणवलं.

"आई, म्हशींशी माझं रोजचं काम आहे," ती म्हणाली. "त्या माझ्याशी असं बोलत नाहीत."

ती उतरली आणि घाट चालत उतरायला लागली. दुसऱ्या दिवशी तिने गुजरांकडे नाव घातलं.

क्लिनिकमध्ये पट्ट्यांचं काम पाहणारा रेहान मुलाणी नावाचा तरुण होता. त्याने मॅडमच्या गळ्याची आठवड्याभराची नोंद पडद्यावर लावली आणि बराच वेळ काही बोलला नाही. बोलण्याशी संबंधित धंद्यात हे बरं लक्षण नसतं.

"पट्टा बिघडलाय ना?" मॅडमनी विचारलं.

"नाही मॅडम. पट्टा उत्तम आहे." त्याने खुर्ची वळवली. "बघा, ही खालची नोंद तुम्ही विद्यार्थ्यांशी बोलता तेव्हाची. किती शांत! इतका मऊ हुकूम मी कुणाचा पाहिला नाही. आणि हे वर डोंगर दिसतात ना, ते तुम्ही स्वतःशी बोलता तेव्हाचे."

"सगळ्यांचं असंच असेल."

"नसतं. जगात सगळे लोक स्वतःशी हळू बोलतात, या हिशोबावर हे यंत्र उभं आहे. तुम्ही स्वतःशी बोलायला लागलात की त्याला वाटतं, समोर कुणीतरी उभं आहे." तो थोडा घुटमळला. "आणि त्या कुणीतरी काहीतरी भयंकर केलंय."

"मग बटण लावा. बोलायचं तेव्हा दाबेन."

"तुम्ही वाक्य संपवता आणि त्याच्या शेपटीला धरून स्वतःला बोलता. बोट उचलेपर्यंत ते बाहेर पडलेलं असतं. हिरव्या-पिवळ्यामधली रेघ वर सरकवून बघू?"

रेघ वर सरकवली. त्याचा परिणाम शास्त्रीयदृष्ट्या अचूक झाला. जोराचं तेवढंच बाहेर यायचं आणि हळू ते गिळलं जायचं. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकू आल्या तेव्हा मॅडम म्हणाल्या, "या, बसा, चहा टाकते." त्यातलं काहीच ऐकू आलं नाही. मग चहात साखर घालायची राहिली, हे लक्षात आल्यावर मात्र, "अक्कल विकून खाल्लीस का, भवाने!" हे फाटकापर्यंत गेलं. काकू तेव्हापासून आलेल्या नाहीत. रेघ संध्याकाळच्या आत पुन्हा खाली आली.

"आता एकच उपाय," मुलाणी फोनवर म्हणाला. "तुम्ही स्वतःशी हळू बोलायला शिकायचं. शिकाऊ माणसाशी बोलता तसं. ती कला तुमच्याकडे आहेच. फक्त घरी वापरलेली नाही."

"मी काय शिकाऊ आहे?"

"या बाबतीत, मॅडम," मुलाणी म्हणाला, "तुम्ही अजून गाडीत बसलेल्या नाहीत."

त्या दिवशी मॅडम पट्टा काढून गॅलरीत बसल्या. उदयराव शेजारी येऊन शेंगा सोलायला लागले.

"एक सांगू?" उदयराव म्हणाले. "मला इतकी वर्षं वाटायचं, तू गप्प बसलीस की मनात मला शिव्या देतेस."

मॅडमनी पट्टा उचलून गळ्यात घातला. "मग?"

"मग काय, पट्टा आल्यावर कळलं, त्या मला नव्हत्या. जरा बरं वाटलं." त्यांनी चार दाणे मॅडमच्या हातावर ठेवले. "पण ते एकच दिवस. नंतर सारखं ऐकू यायला लागलं. परवा कुलूप लावताना तू तिला काय काय बोललीस."

"कुणाला?"

"तुला." उदयरावांनी शेंग फोडली. "माझ्या बायकोला असं बोललेलं मी दुसऱ्या कुणाचं ऐकून घेतलं नसतं. बाहेरचा माणूस असता तर कानाखाली दिली असती. इथं काय करायचं तेच कळेना."

उदयरावांनी लग्नानंतर एवढं लांब भाषण केलं नव्हतं. पट्ट्याचा दिवा पिवळा होऊन लुकलुकत राहिला. उदयरावांना दिव्यांचा अर्थ माहीत नव्हता. त्यांना वाटलं, चार्जिंग संपत आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडमनी ऑफिसातून लाल 'L'चा एक स्टिकर आणला आणि फ्रिजवर चिकटवला. दुसरा बाथरूमच्या आरशावर. रस्त्यावर हे अक्षर दिसलं की मागचा माणूस हॉर्न कमी वाजवतो. घरात ते मागच्या माणसासाठी नव्हतं.

सोपं अजिबात नव्हतं. स्वतःशी गोड बोलणं म्हणजे मॅडमना शुद्ध फसवणूक वाटायची. पहिल्यांदा भाजी करपली तेव्हा त्यांनी घाईने मनात म्हटलं, असू दे, रोहिणी, छान करपली हो. इतकं खोटं त्या कधी स्वतःशी बोलल्या नव्हत्या, आणि त्याच्या मागोमाग, "लाडात येऊ नकोस, घोडे!" हे पट्ट्याने सबंध घराला ऐकवलं. मग त्यांच्या ध्यानात आलं, शिकाऊ माणसालाही आपण कधी 'छान धडकलात' म्हणत नाही. त्याला झालं तेवढंच सांगतो आणि पुढचं काय ते सांगतो. भाजी करपली म्हणजे भाजी करपली. गॅस बंद कर. कांदा चिरायला घे. हे जमण्यासारखं होतं, कारण यात प्रेमबीम आणावं लागत नव्हतं. दिवा कधी हिरवा, कधी पिवळा. पिवळ्याचं प्रमाण वाढत गेलं.

पण ईश्वरी अजून गुजरांकडेच जात होती. घरात ती सासूशी अत्यंत अदबीने बोलायची, आणि सुनेची अदब हे काय हत्यार असतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. आणि परीक्षेत ती नापास झाली. आठचा आकडा निघाला. मैदानाच्या टोकाला केलेल्या चढावर गाडी थांबवून पुन्हा वर न्यायची असते, तिथे गाडी मागे घरंगळली. पुढची परीक्षा पंधरवड्याने. उमेदवारी त्याच महिन्यात संपत होती, म्हणजे ही शेवटचीच संधी.

संध्याकाळी ती घरी आली. मॅडम आत कपड्यांच्या घड्या घालत होत्या. बाहेर चप्पल काढल्याचा आवाज झाला आणि मग स्पष्ट शब्द ऐकू आले.

"तुला कुणी डॉक्टर केलं? तुझ्यापेक्षा म्हैस बरी."

मॅडमचा हात झटकन गळ्याकडे गेला. पट्टा समोर टेबलावर होता, चार्जिंगला लावलेला. त्यांनी तो गळ्यात अडकवला आणि त्या बाहेर आल्या. ईश्वरी भिंतीला टेकून एका पायावर उभी होती, दुसऱ्या चपलेचा बंद सोडवत.

"हे कुणाला म्हणालीस?"

ईश्वरी दचकली. "कुणाला नाही. मलाच."

"हे माझं वाक्य आहे."

"हो." तिने चप्पल काढली. "माझी माझी पण आहेत आई, लहानपणापासूनची. पण तुमचं जास्त लागतं. चांगलं बसतं तोंडात."

मग ईश्वरीच्या कपाळावर एक आठी आली. तपासताना जनावराचा खरा आजार सापडला की येते तशी.

"म्हणजे आई, त्या दिवशी दुधाच्या वेळी... तुम्ही खरंच स्वतःला..."

"खरंच."

"आणि घाटात?"

"गिअर मी चुकीचा सांगितला होता. तू टाकलास तो बरोबर टाकलास."

ईश्वरी मटकन खाली बसली. "मला वाटलं, जगात मी एकटीच असं करते," ती म्हणाली, आणि मग तिला हसू फुटलं. "आणि मी दोन महिने रात्री फोनवर सौरभशी तुमच्यावरून भांडतेय!"

"तो काय म्हणतो?"

"तो म्हणतो, सॉफ्टवेअर अपडेट करा."

मॅडमही हसल्या. पट्ट्याला हसू जुळवता येत नाही, तो नुसता "ह" म्हणाला. त्याने ईश्वरी आणखी हसली.

"गुजर कसे शिकवतात?"

"ओरडतात. ते ओरडले की माझे दोन्ही पाय खाली जातात."

"जाणारच," मॅडम म्हणाल्या. "उद्या सकाळी यवतेश्वर. एक अट आहे. मी तुला जे म्हणेन तेच तू तुला म्हणायचं. त्यापेक्षा एक शब्द जास्त नाही."

"आणि तुम्ही?"

मॅडमनी मागे फ्रिजकडे बोट केलं. ईश्वरीने तो लाल स्टिकर रोज पाहिला होता, पण तिला वाटलं होतं, सासऱ्यांना स्वयंपाक शिकवायचा बेत असावा.

पंधरा दिवस दोघींनी घाट पिंजून काढला. चढावर थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, क्लच हळूहळू सोडत इंजिनाचा आवाज जड झाला की मग ब्रेक सैल करायचा. मागे एखादी आपली आपण चालणारी गाडी यायची आणि गोड आवाजात म्हणायची, "कृपया पुढे सरकता का?" ईश्वरी खिडकीतून ओरडायची, "शिकतेय!" गाडी म्हणायची, "शुभेच्छा," आणि स्वतःच दहा फूट मागे जाऊन थांबायची. गाडी खूपदा बंद पडली. दोनदा मॅडमचाही पाय चुकला. एकदा हिरवा दिवा पेटून "आंधळे!" बाहेर पडलं. "कोण?" ईश्वरीने विचारलं. "मी," मॅडम म्हणाल्या, आणि विषय तिथेच संपला.

परीक्षेच्या दिवशी मैदानाच्या कडेला नेहमीची मंडळी जमली होती. भाऊसाहेब गुजर आपल्या विद्यार्थ्यांवर आगाऊ ओरडून घेत होते. शिर्केसरही आले होते. ते गुजरांकडेही टिकले नव्हते आणि आता स्वतःच पुस्तक वाचून गाडी शिकत होते.

आठचा आकडा झाला. ईश्वरीने गाडी चढावर आणली, मध्यावर थांबवली. शेजारी साहेब, मांडीवर टॅब. क्लच सुटला, गाडीने एक आचका दिला आणि ती बंद पडली. मागे मात्र एक इंचही आली नाही. हँडब्रेक नीट ओढलेला होता.

"गेली!" भाऊसाहेब म्हणाले.

मॅडम कुंपणाच्या तारेला धरून उभ्या होत्या. आवाज गेल्यावरच्या महिन्यांत त्यांना एक नवी सवय लागली होती, लोकांच्या ओठांकडे बघायची. काचेतून ईश्वरीचे ओठ हललेले त्यांनी पाहिले. फार नाही, चार-पाच शब्दांपुरते. आणि त्यातला म्हशीचा एकही नव्हता, एवढं ओळखायला त्यांना पट्टा लागला नाही. मग ईश्वरीचा हात किल्लीकडे गेला. इंजिन सुरू झालं, जड झालं, आणि गाडी चढून पलीकडे उतरली.

साहेबांनी टॅबवर बोट टेकवलं. मोकळ्या मनाने टेकवलं असावं, कारण ईश्वरी गाडीतून उतरली ती हात वर करूनच. तिने सासूला मिठी मारली. शिर्केसरांनी टाळ्या वाजवल्या, आणि एकटेच वाजवत आहोत हे लक्षात आल्यावरही थांबले नाहीत.

"चला, घरी बाबांना सांगू," ईश्वरी म्हणाली. गाडी तिने कडेला लावली होती आणि मॅडमनी मघाशी आतून आपली पर्स काढून दार लावून घेतलं होतं. नेहमीच्या सवयीने, चारही दारांचा खटका दाबून.

मॅडमनी दाराची मूठ ओढली. दार उघडेना. चारही दारं ओढून झाली. काचेतून आत किल्ली दिसत होती, जागच्या जागी, तिच्या साखळीवरचा छोटा लाल 'L' अजून हलत होता.

आसपासची मंडळी शांत झाली. सगळ्यांना बर्गे मॅडमचा पट्टा माहीत होता. भाऊसाहेब गुजर दोन पावलं पुढे आले, ऐकायला सोपं जावं म्हणून. ईश्वरीने डोळे बारीक करून सासूच्या गळ्याकडे पाहिलं.

दिवा लागला. पिवळा. लुकलुकला, थांबला, पुन्हा थोडा लुकलुकला. मॅडमच्या चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. पट्ट्यातून आवाज आला नाही.

मग दिवा हिरवा झाला.

"ईश्वरी, किल्ली आत राहिली."

"दिसतंय आई. मनात काय म्हणालात आत्ता?"

"ते माझं मला म्हणाले. तुला कशाला?" मॅडमनी पर्स काखेत मारली. "भाऊसाहेब, तुमच्याकडे पोलादी पट्टी असेल ना, काचेच्या फटीतून दार उघडायची? तुमच्या गाड्यांना रोज लागते म्हणे."

भाऊसाहेब निराश झाले होते, पण पट्टी आणायला गेले.

"तोवर काय करायचं?" ईश्वरीने विचारलं.

"तोवर काय, चहा," मॅडम म्हणाल्या, आणि शिर्केसरांकडे वळून पाहत, "सर, तुम्ही पण चला. तुम्हाला चढावर कुणी शिकवलंय का अजून?"